एका फ्लॉपीत मावलेली माणसं

आक्काने मदत केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी स्वतःची इतकी फजिती येणार आहे की त्या हसण्यात तिचं राहून जाईल. आक्का म्हणजे बेल्लमपल्लीच्या बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणारी बाई. तेलुगू. माझ्या नात्यातली नाही, गोतातली नाही, आणि कितीतरी महिने तिचं बोलणं मला निम्मं आणि माझं तिला निम्मंच कळायचं. ज्या दुपारी मी माझ्या सख्ख्या बहिणीचा चेहरा पुसून टाकला, त्या दुपारी आक्काने ऐन गर्दीत झेरॉक्सच्या मशीनवर कापड टाकलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. आता काय झालं ते.

मी बोथच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरी कापूस आणि ज्वारी. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. आठवीला बसने बोथला जावं लागे, आणि मला बस लागायची. लोकांची शाळा काही ना काही मोठ्या कारणाने सुटते. माझी मळमळीने सुटली. बाबा म्हणाले, "मंग राहू दे." मी लगेच राहू दिलं. पुढे लग्न होऊन बेल्लमपल्लीला यायला दोन बसा आणि वर रेल्वे लागली, तेव्हा चुकवलेली सगळी मळमळ एकदम भरून निघाली.

आमचे हे खाणीत, पाळीवर. आम्ही क्वार्टरात. शेजारीपाजारी सगळी तेलुगू. मी मुळातली घाबरट. पाळी बदलायचा भोंगा झाला की मला वाटायचं, खाली काहीतरी झालं. रोज व्हायचा, रोज वाटायचं. शेवटी हे म्हणाले, "घरात एकटी बसून भेण्यापेक्षा दुकानात बसून भे. तिथं चार माणसं तरी असतेत." आक्काला मराठी वाचणारं कोणीतरी हवंच होतं. वांकिडीकडची, आसिफाबादकडची माणसं मराठी कागद घेऊन यायची, आणि कागद सुलटा ठेवलाय की उलटा हे आक्काला कळायचं नाही. ते सांगण्यासाठी मला ठेवली. सातवी पास बाईला साजेसं काम होतं. कागद उलटा असला की मी म्हणायची, "उलटा." सुलटा असला की गप्प राहायची.

हळूहळू आक्काने मला कॉम्प्युटरसमोरही बसवलं. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता तो, आणि कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून त्याला झालर लावलेलं कापड असायचं, देवावर घालतात तसं. मी माउसला हात लावायच्या आधी पदराला हात पुसायची. आक्का हसायची, पण हसून झाल्यावर पुन्हा शिकवायची. तिची हिंदी आमच्या हिंदीपेक्षा वेगळी, माझी तिच्याहून वेगळी. त्यात एखादा शब्द तेलुगू पडला की मी मान हलवून पुढे जायची.

असाच एक शब्द होता चालु.

पहिल्यांदा तो जेवताना आला. मी घरून भाकरी आणि झुणका नेला होता. आक्काच्या ताटलीत वाढला. ती म्हणाली, "चालु." मी म्हटलं, वा, बाईला आवडलेला दिसतो, चालू ठेव म्हणते. आणखी वाढला. ती जरा जोरात म्हणाली, "चालु, चालु." मी आणखी वाढला. आमच्याकडे पुरे म्हणणाऱ्यालाही आग्रह करून वाढतात, मग चालू म्हणणाऱ्याला कसं थांबवायचं? आक्काने सगळं संपवलं, डोळ्यांत पाणी आणून, कारण झुणका तिखट होता. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "बाई मनानं चांगली हाय, पण लय खाते." पुढे डबा नेताना मी भाकरी वाढवूनच नेऊ लागले.

आता बहिणीचं सांगते. माझ्या पाठची, घरात तिला लहानी म्हणायचे. चुलीवरच्या उकळत्या दुधाचं भगुणं कलंडलं तेव्हा ती रांगत होती. डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याची खूण राहिली. तिला त्याचं काही वाटायचं नाही. ज्यांना वाटायचं ते तिला बघायला यायचे. पोहे खायचे, पाणी प्यायचे, गालाकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. फोटोत ती नेहमी उजवीकडून बसवलेली असायची, म्हणून येणाऱ्याला आधी काही ठाऊक नसायचं. एवढ्या वेळा पोहे झाले की लहानी स्वतः पोहे खाईनाशी झाली.

त्या वर्षी आमच्या समाजाच्या लोकांनी चंद्रपूरला वधू-वरांची ओळख करून देणारी पुस्तिका छापायचं ठरवलं. एका पानावर एक मुलगी किंवा मुलगा, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली माहिती, कोपऱ्यात फोटो. आमच्या आंध्रच्या सीमेकडची पानं गोळा करायचं काम वांकिडीच्या एका कापडवाल्या काकांकडे होतं. ते खाणीच्या पगाराच्या आठवड्यात कापड विकायला बेल्लमपल्लीला यायचेच. ह्यांच्या दूरच्या नात्यातले. चंद्रपूरच्या प्रेसवाल्याने त्यांना बजावलं होतं, पानं कॉम्प्युटरवर घेऊन पीडीएफ करून आणा, म्हणजे कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी दिसतील. आणि एकाच फ्लॉपीत आणा, तुकडे केलेलं माझ्या मशीनवर जोडलं जात नाही.

लहानी तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. तिचं पान तिने माझ्याच क्वार्टरात बसून लिहिलं, आणि फोटो बाजारातल्या स्टुडिओत नवा काढला. सरळ समोरून. मी म्हटलं, "काऊन वं, उजवीकडून बसायचं होतं ना."

"उजवीकडून फोटो काढते, आन् मंग माणूस येते डावीकडून," ती म्हणाली. "यावेळी मले पोहे वाचवायचे हायेत. ज्याले नाही चालत त्यानं फोटो पाहून घरीच बसावं."

एवढंच तिचं म्हणणं होतं. जे आहे ते फोटोत स्वच्छ दिसावं, आणि ते बघून जो येईल तोच यावा. माझ्याकडून तिला दुसरं काही नको होतं.

कापडवाले काका सकाळी गठ्ठा देऊन गेले. दुपारच्या गाडीने त्यांना चंद्रपूरला जायचं होतं. आक्का झेरॉक्सच्या गर्दीत, म्हणून पानं स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. पानं फार सुंदर होती. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं, वर लाल शाईत श्री, एका मुलाने तर चारी बाजूंनी वेलबुट्टी काढलेली. मशीनने विचारलं, रंगीत की काळं-पांढरं. मी म्हटलं, लग्नाचं काम आहे, काळं-पांढरं कसं करायचं? सगळी रंगीत घेतली, मशीनला जमेल तेवढी बारकाईने. हळदीचं बोट कसं उमटलंय ते सुद्धा दिसत होतं. मग पीडीएफ केली. कॉम्प्युटर इतका वेळ घरघरला की मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बघितला, तापला तर नाही.

फाइल फ्लॉपीत जाईना. एक फ्लॉपी सोडा, अख्ख्या डबीतल्या फ्लॉप्या रिकाम्या केल्या असत्या तरी गेली नसती.

लहान करायची, एवढं मला समजलं. मी पडद्यावर पान लहान केलं. आणखी लहान केलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं तेव्हा समाधानाने सेव्ह केलं आणि पुन्हा फ्लॉपीत घालायला गेले. फाइल होती तेवढीच. मी आक्काला हाक मारली. तिने तिकिटाएवढं पान बघितलं, कपाळावर हात मारला नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "अम्मा, दूर से देखे तो हाथी छोटा होता क्या?" मग चित्र दाबायची जागा दाखवली. तिथे चांगलं, मध्यम, कमी असे प्रकार होते. "थोडा-थोडा कम करना, देखना, मेरे को बताना." आणि ती परत झेरॉक्सकडे गेली.

मी थोडं दाबलं. पडद्यावर बघितलं. चेहरे ठीक, अक्षरं ठीक. "आक्का," मी ओरडले. तिने गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून मान उंच करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालु."

मी चालू ठेवलं.

अजून दाबलं. पुन्हा दाखवलं. ती म्हणाली, "चालु, अम्मा, चालु." आवाजात घाई होती, मला वाटलं मी हळू करते आहे म्हणून. मी जोर वाढवला. त्यात एक गंमत मी आपल्या मनाने केली होती. दर वेळी मूळ चित्र घेऊन दाबत नव्हते, दाबलेलंच पुन्हा दाबत होते आणि त्याच नावाने ठेवत होते. उसाचं चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घालावं तसं. रस कधीच निघून गेला होता, आणि मी आपली चाक फिरवतेय. तिसऱ्या की चौथ्या वेळी आक्का जवळजवळ किंचाळली, "चालु!" मी म्हटलं, बघा, किती उत्साह देते बाई.

शेवटी फाइल फ्लॉपीत गेली. वर जागाही उरली. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. एवढ्यात काका गाडीच्या घाईत आले आणि त्यांच्या मागोमाग लहानी माझा डबा घेऊन आली. मी दोघांना खुर्च्या दिल्या आणि फाइल उघडली.

पहिलं पान आलं. मुलगा होता की मुलगी ते सांगणं अवघड होतं. चेहरा म्हणजे तांबूस चौकटी, एकीला एक चिकटलेल्या, गोधडीच्या ठिगळांसारख्या. शिक्षणाच्या जागी शेवाळ साचलं होतं. उंचीचा एक डाग होता, वजनाचा एक डाग. वेलबुट्टीवाल्याच्या वेलीवर कीड पडलेली. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. सगळ्या सीमाभागात एकाच आईची लेकरं जन्मली होती. मिशा असलेली मिशांना मुकली होती, आणि एका सालस मुलीला त्या फुटल्या होत्या.

मग लहानीचं पान आलं. तिच्या चेहऱ्याच्याही चौकटी झाल्या होत्या, पण डाव्या गालाची खूण शेजारच्या चौकटींत मिसळून गेली होती. गाल दोन्हीकडून सारखा. नितळ. मी बघतच राहिले. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं.

काकांनाही तेच वाटलं. ते मनाने चांगले होते. चष्मा सरकवून म्हणाले, "अवं, बाकीच्यायचं काय बी होवो, हिचं तं बेस झालं. डाग कुठी दिसून राह्यला? असूच दे हे. माह्या गाडीचा टाइम होऊन राह्यला."

लहानी पडद्याच्या जवळ गेली. वाकून बघितलं.

"ही कोण हाय?" ती म्हणाली.

"तूच ना वं."

"मी नोहो. हिला पाहून कोणी आलं तं त्याले हीच पाहिजे. मी कुठून आणू हिला? परत पोहे, परत कळवतो." ती माझ्याकडे वळली. "ताई, तुले एकच काम सांगतलं होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमल्यासारखी बोलली. मला रडू यायला लागलं, आणि रडताना मी एकदमच सगळं सांगायला लागले, की मी काही केलं नाही, आक्काच चालू चालू म्हणत होती. आवाज ऐकून आक्का गर्दीतून बाहेर आली. पडदा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"मैं कित्ते बार बोली, चालु, चालु. तुम सुनेच नहीं."

"सुनी ना," मी म्हटलं. "इसलिए तो चालू रखा."

आक्का थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत असलेलं मला दिसलं. "अम्मा," ती सावकाश म्हणाली, "चालु बोले तो बस. हो गया. काफी."

लहानी आधी हसली. मग काका. मी हसले नाही, कारण मला तोवर झुणका आठवला होता. आक्कालाही तोच आठवला असावा, कारण तिने पोटावर हात ठेवला आणि खुर्चीत बसून इतकी हसली की झेरॉक्सची माणसं काय झालं म्हणून बघायला लागली. "मैं सोची, ये मराठी लोगां मेहमान को मारके छोड़ते," ती म्हणाली.

माझी दाबलेली चित्रं आता उलटी फुगवता येणार नव्हती. गेलेला बारकावा परत येत नाही, सगळी पानं नव्याने घ्यावी लागतील, असं आक्काने सांगितलं. काकांची दुपारची गाडी जाणार. आणि बाहेर पगाराच्या आठवड्याची रांग, तिच्या दुकानाचे कमाईचे दिवस. आक्काने रांगेकडे पाहिलं, तेलुगूत काहीतरी म्हणाली, मशीन बंद केलं आणि त्याच्यावर कॉम्प्युटरचं ते झालरीचं कापड टाकलं. रांग कुरकुरत पुढच्या दुकानात गेली. काका म्हणाले, "मी सांजच्या गाडीनं जातो, काय बिघडते." आणि गठ्ठ्यावरची टाचणी काढून एकेक पान हातात द्यायला लागले.

आक्काने मला त्या दिवशी जे शिकवलं ते मी पुढे अनेकांना शिकवलं, आणि दर वेळी स्वतःचं असल्यासारखं शिकवलं. ती म्हणाली, आधी बघ कागदावर काय आहे. अक्षर आहे का फोटो आहे. अक्षराला रंग कशाला हवा? त्याची कड हवी. अक्षर निव्वळ काळं-पांढरं घे, मधली करडी छटासुद्धा नको, पण बारकाईने घे. जागा अगदी कमी लागते आणि रेघ सुरीसारखी येते. फोटोचं उलटं. त्याला छटा हव्यात, पण तो केवढा आहे, अंगठ्याएवढा. तेवढाच तुकडा वेगळा घे, छापून जेवढा होणार तेवढ्याच मापाने घे, आणि एकदाच दाब. चारी बाजूंचा कोरा कागद तर घेऊच नको, कोऱ्याची कोण फी देतं? आणि मूळ चित्राला हात लावू नको, वेगळ्या नावाने ठेव.

काळं-पांढरं केल्याबरोबर हळदीची बोटं उडाली आणि खालची अक्षरं वर आली. कोणाची गिचमिड, कोणाची पाटीवर गिरवल्यासारखी गोल. लहानीने 'अपेक्षा' ह्या शब्दापुढे आडवी रेघ ओढली होती, तीही दिसत होती. पानं उलटी की सुलटी ते मी सांगत होते. माझं जुनं पद मला परत मिळालं होतं.

लहानीच्या फोटोशी आलो तेव्हा आक्काने माउस माझ्या हातात दिला. मी जरा दाबलं. फोटोत गालावरची खूण होती, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि त्याच्या वर लहानीचे डोळे, फोटोग्राफरवर वैतागलेले. आक्का म्हणाली, "चालु."

मी चटका बसल्यासारखा माउसवरून हात काढला.

फाइल फ्लॉपीत गेली. जेमतेम, पण गेली. काकांनी फ्लॉपी रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि कापडाचे तागे हमालाच्या डोक्यावर देऊन स्टेशनला गेले.

पुस्तिका आली. छपाई फार काही भारी नव्हती, पण लहानी लहानीसारखी दिसत होती. पुढे बरेच दिवस घरी कोणीच आलं नाही. माय मला निरोप पाठवायची, तुझ्या त्या कॉम्प्युटरनं पाहुणेच बंद केले. मला झोप लागायची नाही. वाटायचं, ठिगळांचा फोटोच जाऊ दिला असता तर निदान पोहे तरी झाले असते. लहानीला मात्र पोहे न होण्याचाच आनंद होता. मग राजुऱ्याकडचं एक घर आलं. मुलाचं किराण्याचं दुकान. तो बसला, लहानीकडे पाहिलं आणि मायला म्हणाला, "फोटोत हाये तशीच हाये." आणि पोहे मागून घेतले. माय अजून सांगते की त्याने दोनदा घेतले. लहानी म्हणते, तिने त्याच वेळी त्याला पसंत केलं, कारण इतक्या वर्षांत पोह्यांकडे बघून पोहे खाणारा तो पहिला.

लग्नात आक्का आली होती. बोथला, रेल्वेने आणि वर दोन बसांनी. तिला बस लागत नाही. पंगतीत मी वाढायला होते, पण तिच्या पानाकडे मला कोणी जाऊच दिलं नाही. लहानीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आक्का आता मुलाकडे हैदराबादला असते. दुकान दुसऱ्या कोणी घेतलं. तिच्या मशीनवर कापड टाकलेलं होतं त्या दुपारी किती गिऱ्हाइकं गेली हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही, कारण भरपाई कशाने करायची ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. मी हैदराबादला जाणार आहे. मळमळ झाली तरी, बसने. तिच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हाताने भाकऱ्या थापणार, झुणका करणार, तिखट कमी घालून. तिला वाढणार. ती चालु म्हणेल तेव्हा पहिल्याच चालुला हात थांबवणार. एवढं मला तिला एकदा करून दाखवायचं आहे.

मग आमच्या पद्धतीचा आग्रह म्हणून एक घास जास्त. तो तिने खाल्लाच पाहिजे.